उसाची सरी सरळ, मग आपला कणा वाकडा का?



या पत्रिकेत आपण नेहमी उसाबद्दल वाचतो. बेणे कोणते निवडावे, खताचा हप्ता केव्हा द्यावा, खोडव्यातले पाचट का जाळू नये, हे सारे आता आपल्याला तोंडपाठ झाले आहे. आज आम्ही जे लिहिणार आहोत ते उसाबद्दल नाही, ऊस पिकवणाऱ्याच्या पाठीबद्दल आहे. संपादकांनी जागा दिली याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही म्हणजे गोदाकाठच्या एका गावातले सात-आठ सभासद. वये पंचेचाळीस ते पासष्ट. गटाच्या बैठकीला जमलो की पहिले बोलणे पाण्याच्या पाळीचे, दुसरे तोडणीच्या तारखेचे आणि तिसरे कमरेचे. "बसलं की उठवत नाही, उठलं की बसवत नाही" हे वाक्य आमच्या गावात राम राम घालावा तसे ऐकू येते. ज्याच्या त्याच्या खिशात दुखण्याची गोळी. दुकानातून आणायची, चहाबरोबर घ्यायची आणि मोटार चालू करायला जायचे. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते, हे डॉक्टर सांगतात. पण ऐकतो कोण?

दुखणार नाही तर काय होईल? आपली जमीन काळी, भारी. ओली झाली की पायाला शेर-शेर चिखल घेऊन चालावे लागते. वीज रात्रीची असली की अंधारात दारे धरायचे. लागणीला दिवसभर वाकून टिपरी मांडायची. सोळा लिटरचा पंप पाठीवर घ्यायचा आणि तोही नेहमी एकाच खांद्यावर जास्त. बायामाणसांचे तर विचारूच नका. खुरपणीला उकिडवे बसून पुढे सरकायचे, घरी येताना डोक्यावर वैरणीचा भारा, आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढे किंवा ओट्यापुढे.

यावर आपले ठरलेले उत्तर असते, "आम्हाला व्यायाम कशाला? दिवसभर व्यायामच करतो की!" आम्हीही हेच म्हणत होतो. पण बैलाचे उदाहरण घ्या. एकच बैल वर्षानुवर्षे उजवीकडे जुंपला की त्याला डावीकडे चालता येत नाही. त्याची मान, त्याचा खांदा, त्याची चाल एका अंगाची होऊन जाते. कष्ट त्याने कमी केलेले नसतात. पण ते सगळे एकाच बाजूने केलेले असतात. आपल्या शरीराचेही तेच होते. काम शरीराला वापरते, ते शरीराची दुरुस्ती करीत नाही. शिवाय खरे बोलायचे तर आपल्यातल्या बऱ्याच जणांचे अंगमेहनतीचे काम आता पूर्वीइतके राहिलेही नाही. नांगरट ट्रॅक्टरने, बांधावर जायचे मोटारसायकलने, आणि उरलेला वेळ पारावर पाठीला कुबड काढून मोबाईल पाहण्यात. म्हणजे कष्टाचे दुखणे आहेच, वर बसून राहण्याचेही आले.

आता योगाकडे वळतो. योगाचे नाव काढले की आपल्याकडे दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, दूरदर्शनवर पोट आत-बाहेर करणारे महाराज. दुसरी, २१ जूनचा कार्यक्रम. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला. चांगलीच गोष्ट. पण अशा एका कार्यक्रमात आमच्यापैकी एकाचे काय झाले ते ऐका. मैदानावर शे-दीडशे माणूस, ध्वनिक्षेपकावर आकडे मोजले जात आहेत, आणि हुकूम सुटला की गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा. आमचे हे मित्र छप्पन वर्षांचे. आयुष्यात कधी असे वाकलेले नाहीत. शेजारचा तरुण पोरगा वाकला म्हणून हेही इरेला पेटून वाकले. उसण भरली. आठ दिवस खाटेवर होते आणि पाणी द्यायला मुलाला पुण्याहून बोलवावे लागले. तेव्हापासून "योगाचं नाव काढू नका" हा त्यांचा पण झाला.

दोष कोणाचा? योगाचा नाही, आणि एकट्या त्या कार्यक्रमाचाही नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अशातली ती गत होती. आपण नव्या जातीचे बेणे आणतो ते सगळ्या रानात एकदम लावतो काय? आधी माती तपासतो, दहा गुंठ्यांत लावून पाहतो. शरीराच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी सगळे रान नांगरायला निघतो.

आमच्या मित्रांचे मन पुढे पालटले ते त्यांच्या सुनेमुळे. ती काही वर्षे पुण्यात राहत असताना अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जात असे. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने सासऱ्यांना काही करायला सांगितले नाही. दारातली त्यांची चप्पल उचलली, उलटी केली आणि म्हणाली, "मामा, तुमची उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजली आहे बघा. डावी तशी नाही. तुम्ही सगळा भार एका पायावर टाकून उभे राहता." मामा गप्प. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या चपला उलट्या करून पाहिल्या. एकाचीही सारखी झिजलेली नव्हती! तुम्हीही आज पाहा. खर्च काही नाही.

या पद्धतीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ती आपल्या महाराष्ट्रातच वाढली. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातील बेल्लूर गावी, इन्फ्लुएंझाच्या साथीत झाला. घरची गरिबी, वडील शिक्षक, तेही हे नऊ वर्षांचे असताना वारले. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी हा मुलगा खंगून गेला होता. १९३४ साली तो म्हैसूरला आपले मेव्हणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे राहू लागला आणि तिथे योग शिकला. १९३७ साली, अठराव्या वर्षी, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला. मराठी येत नव्हते, ओळखीपाळखी नव्हत्या. पण तो पुण्यातच राहिला. १९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले, १९६६ साली 'लाईट ऑन योगा' हे पुस्तक निघाले, आणि १९७५ साली पत्नीच्या स्मरणार्थ पुण्यात रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट उभी राहिली. २० ऑगस्ट २०१४ रोजी गुरुजी पुण्यातच गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते.

हा इतिहास सांगायचे कारण एवढेच, की ही पद्धत एका पैलवानाने काढलेली नाही. आजारी, कडक, वाकता न येणाऱ्या शरीरातून ती निघाली आहे. म्हणून आपल्यासारख्यांना ती जवळची वाटते. तिचे मुख्य सांगणे मांडणीचे आहे. किती वाकलात याला महत्त्व नाही. पाय कुठे आहे, गुडघा कोणत्या दिशेला आहे, पाठ कुठून वाकते आहे, याला महत्त्व आहे. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो ना, तसे. कान, खांदा, कंबर, घोटा एका ओळीत आहेत का? नसतील तर वरचा भार कोणत्या तरी एका सांध्यावर पडणार, आणि तो सांधा कधी ना कधी तक्रार करणार. आपण सरी पाडताना दोरी लावतो. सरी वाकडी गेली तर पाणी एकीकडे तुंबते आणि दुसरीकडे पोचत नाही. शरीरातही याहून वेगळे काही घडत नसावे.

दुसरे सांगणे असे, की हात जमिनीला टेकत नसेल तर जमीन हाताला आणून द्यावी. म्हणजे हाताखाली वीट ठेवावी, बसण्याखाली घडी ठेवावी, खुर्चीचा आधार घ्यावा. पुण्याच्या संस्थेत लाकडी विटा, पट्टे, दोर, घोंगड्या आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या सर्रास वापरतात. आधार घेण्यात कमीपणा नाही, असे तिथे शिकवतात. हे ऐकून आम्हाला हसू आले, कारण यातले सगळे सामान आपल्या घरात पडून आहे.

आम्ही जे सुरू केले ते चार प्रकारांचे, रोज पंधरा-वीस मिनिटांचे. सकाळी, पोट साफ झाल्यावर, उपाशीपोटी. संध्याकाळी करायचे तर जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत.

पहिले ताडासन, म्हणजे नुसते उभे राहणे. "त्यात काय शिकायचं?" असे आम्हीही म्हटले. भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पावले सरळ पुढे, भार टाच आणि चवडा यांवर सारखा, मांड्या जाग्या, छाती उघडी, खांदे मागे आणि खाली, हनुवटी समोर. भिंतीला टाचा, ढुंगण आणि खांदे टेकतात का पाहा. आमच्यातल्या दोघांचे खांदे टेकले नाहीत. इतक्या वर्षांचे पुढे झुकणे तिथे एका मिनिटात दिसले.

दुसरे, भिंतीला हात लावून अर्धे वाकणे. कमरेच्या उंचीवर तळहात भिंतीला टेकवा आणि पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत मागे सरका. वाकणे खुब्यातून, पाठीच्या मध्यातून नाही. पाठ बाजेसारखी सपाट हवी, उंटासारखी नको. मांडीमागे फार ओढ बसली तर गुडघे थोडे वाकवा. हे नीट कळले की पोते उचलतानाही माणूस वेगळा वाकतो. आमच्या मते सगळ्या अभ्यासातला हा सर्वांत किफायतशीर धडा आहे.

तिसरे दंडासन. घोंगडीची चांगली दोन-तीन इंच जाड घडी करून तिच्यावर बसा, पाय समोर सरळ, तळहात बाजूला टेकवून पाठ वर उचला. पाठ मागे कोसळत असेल तर घडी वाढवा, हट्ट वाढवू नका.

चौथे शवासन, पण पोटऱ्या खुर्चीवर किंवा बाजेवर ठेवून. पाठ जमिनीला पसरते. दहा मिनिटे पडून राहा. झोप लागली तरी चालेल. घोरणे ऐकून इतरांनी हसू नये!

नियम तीनच. श्वास अडकला की समजावे आपण जास्त केले. ओढ बसली तर चालेल, कळ आली तर थांबावे. आणि शेजाऱ्याकडे पाहू नये. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा मणक्याची गादी सरकल्याचे निदान आहे त्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी, आधी डॉक्टरांना विचारावे आणि जाणत्या शिक्षकाशिवाय काही करू नये. पायाला मुंग्या येऊन बधिरपणा वाढत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणे असेल, तर आसन बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. योग डॉक्टरच्या जागी बसवू नका.

फायदा काय झाला, असे आपण विचाराल. आम्ही फुगवून सांगणार नाही. दीड वर्ष झाले. सात-आठांतले दोघे सुटले. उरलेल्यांची कंबर नवी झालेली नाही. पण सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागत नाही, खाली बसून जेवता येते, आणि गोळीची पाळी रोजची होती ती क्वचित झाली. ते उसण भरलेले मित्र आज आमच्यात सर्वांत नियमित आहेत. जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी योगासारखे उपाय करून पाहावेत, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संघटनेनेही २०१७ साली आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. मात्र फायदा बेताचा असतो आणि चुकीने केल्यास पाठ वाढूनही दुखते, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणूनच मांडणीचा एवढा आग्रह.

आता मुख्य मुद्दा. आमची सूनबाई प्रामाणिक आहे. "मी शिक्षिका नाही, मला येतं तेवढंच सांगते," असे ती पहिल्या दिवसापासून म्हणते. एका घरापुरते ते ठीक. पण सभासदांच्या पाठी वाचवायच्या तर काम कारखान्याने हाती घेतले पाहिजे. माती परीक्षण, बेणे, ठिबक यांवर कारखाना सभासदाला मार्गदर्शन करतो, कारण उसाचे नुकसान झाले की कारखान्याचे नुकसान होते. सभासदाचे शरीर हे त्याहून वेगळे भांडवल आहे काय? आम्ही पुढील सूचना संचालक मंडळापुढे आणि येत्या वार्षिक सभेपुढे ठेवू इच्छितो.

एक, हंगाम संपल्यावर प्रत्येक गट कार्यालयात आठवड्यातून एकदा वर्ग सुरू करावा. एका वर्गाला पंधरा-वीसच माणसे असावीत, म्हणजे शिकवणाऱ्याला प्रत्येकाचा गुडघा दिसेल. सामान लागते ते सतरंज्या, विटा आणि खुर्च्या. वार्षिक सभेच्या खुर्च्या वर्षातून एक दिवस वापरात येतात. त्यांच्यावर भाषणे ऐकण्याखेरीज आणखी काही उपयोग झाला तर बरेच!

दोन, शिक्षक नीट शिकलेला आणावा. अय्यंगार पद्धतीत अनेक वर्षे शिकून, परीक्षा देऊन शिक्षकाला प्रमाणपत्र मिळते. ते पाहावे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम आहे, तिथे शिकलेलेही चालतील. नुसता आवाज मोठा असलेला नको.

तीन, भगिनींची वेळ वेगळी ठेवावी आणि ती त्यांच्या सोयीने ठरवावी. गुरुजींच्या कन्या गीता अय्यंगार यांनी खास स्त्रियांसाठी योगावर ग्रंथ लिहिला आहे; त्या स्वतः लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यातून या मार्गाला लागल्या होत्या. मासिक पाळीत, बाळंतपणानंतर काय करावे आणि काय टाळावे, याचा त्या पद्धतीत वेगळा विचार आहे. भागभांडवल पुरुषांच्या नावावर असले तरी पाठ दोघांची दुखते.

चार, हा वर्ग कोणत्याही पंथाचा किंवा पक्षाचा होऊ देऊ नये. आपल्यात वारकरी आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. ज्याला जे नाव घ्यायचे ते त्याने मनात घ्यावे. ओळंबा सगळ्यांच्या भिंतीला सारखाच लागतो.

आणि पाचवी सूचना, जी लिहावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. आपण आपल्या पाठीबद्दल इतके लिहिले, पण आपला ऊस कोणाच्या डोक्यावरून गाडीत चढतो? बीडकडून, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून, टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तोड, मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, तेही पुष्कळदा अंधारात. आमच्यातला एक म्हणाला, त्यांनाही योग शिकवू. दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, "दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईला आता आसन करायला सांगता? लाज वाटू द्या." त्याचे म्हणणे आम्हाला पटले. दमलेल्या माणसाला उपदेश नको, आधी त्याच्या कामाची मांडणी सरळ हवी. फळी रुंद आणि पक्की असावी, तिला घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या असाव्यात, रात्री भरतीला उजेड असावा, मोळी बेताची बांधायची मुभा असावी, आणि हंगामात अड्ड्यावर डॉक्टरांची फेरी व्हावी. हे मागायला ते वार्षिक सभेला येत नाहीत. आपण येतो. तेव्हा आपण मागावे.

मांडणी सरळ असावी, हे आम्ही ताडासनात शिकलो. ते भिंतीपाशीच सोडून आलो तर शिकलो काय?

येत्या सभेत या सूचनांवर हात वर करा, किंवा विरोध असेल तर उभे राहून बोला. मात्र उभे राहाल तेव्हा भार दोन्ही पायांवर सारखा ठेवा.



आपलेच,
गोदाकाठचे काही सभासद